थीममधील बदल पुसले का जातात आणि दिसत का नाहीत: वर्डप्रेस व बडीप्रेसवरील एका संकेतस्थळाची दुरुस्ती

मला आपला प्रश्न असा समजला आहे. आपल्या गटाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर आहे आणि सदस्यांची पाने, उपगट व घडामोडींची यादी बडीप्रेस हे तिला जोडलेले प्लगइन सांभाळते. वर्षभर आपण थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचाच्या, फायलींमध्येच थेट बदल करत आलात. थीम अद्ययावत केल्यावर ते सगळे पुसले गेले आणि सदस्यांचे प्रोफाइल विस्कटले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून आपण चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवणारी थीम) बनवून सक्रिय केली, तर बोधचिन्ह आणि मेनूही नाहीसे झाले. पानाचे रूप ठरवणाऱ्या नव्या सीएसएसमधील निम्मे नियम लागू होत नाहीत, जे होतात ते आपल्याला दिसतात पण लॉगिन न केलेल्या वाचकांना दिसत नाहीत, आणि मराठी नावांच्या मात्रा वरून कापल्या जातात. या सगळ्याला कंटाळून आपण थीमच बदलावी का, असे विचारले आहे.

थीम आत्ता बदलू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेल्या तक्रारी एकाच बिघाडाची लक्षणे वाटतात, पण त्या निरनिराळ्या कारणांनी उद्भवलेल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक नव्या थीममध्येही जशाच्या तशा उद्भवतील. पानावर दिसणारी एखादी गोष्ट नेमकी कोठून येते हे निश्चित न करता ती बदलण्याचा प्रयत्न होतो आहे, ही आपली खरी अडचण आहे. अशा संकेतस्थळावरील एकच पान मूळ थीमच्या फायली, चाइल्ड थीमच्या फायली, बडीप्रेसच्या स्वतःच्या टेम्पलेट (पानाचा साचा ठरवणाऱ्या) फायली आणि डेटाबेसमध्ये साठवलेल्या सेटिंग्ज अशा चार ठिकाणांहून मिळून तयार होते. शिवाय यांच्यावर कॅशचा, म्हणजे आधी तयार करून साठवलेल्या पानांचा, थर असतो. जी गोष्ट डेटाबेसमध्ये आहे ती फायलीत कितीही शोधली तरी सापडणार नाही, आणि ज्या फायलीवर दुसरी फाइल मात करते तिच्यात केलेली दुरुस्ती कधीच दिसणार नाही.

काही गोष्टी आपल्या थीमच्या प्रकारावर अवलंबून आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक थीम (ज्यांची संपूर्ण मांडणी एडिटरमध्येच तुकडे जोडून बदलता येते) वापरता येतात, आणि त्यांचे नियम जुन्या पद्धतीच्या थीमपेक्षा बरेच वेगळे आहेत. ‘अपिअरन्स’ या मेनूखाली आपल्याला संपूर्ण साइटचा ‘एडिटर’ दिसत असेल तर थीम ब्लॉक प्रकारची आहे. ‘कस्टमाइझ’ आणि ‘मेनूज’ दिसत असतील तर ती जुन्या प्रकारची आहे. चाइल्ड थीम सक्रिय करताच बोधचिन्ह आणि मेनू गेले, हे वर्णन जुन्या प्रकाराशी जुळते, म्हणून पुढील विवेचन मी तसे धरून करतो आणि जेथे ब्लॉक थीममध्ये फरक पडतो तेथे तो सांगतो. विकत घेतलेल्या अनेक थीमसोबत त्यांच्या कर्त्यांनी बनवलेली चाइल्ड थीम मिळते. तशी असल्यास आपली वेगळी बनवण्याऐवजी तीच वापरावी.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक सावधगिरी सांगतो, कारण सदस्यांचे लेखन असलेल्या संकेतस्थळावर ही चूक सर्वांत महाग पडते. पुसलेले बदल परत मिळवण्यासाठी होस्टिंगकडील जुना बॅकअप संपूर्णपणे पूर्ववत करू नका. तसे केल्यास डेटाबेसही मागे जाईल, आणि त्या दिवसानंतर सदस्यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक नवी नोंदणी आणि प्रत्येक संदेश नष्ट होईल. आपल्याला त्या बॅकअपमधून केवळ थीमचे फोल्डर हवे आहे. ते आपल्या संगणकावर उतरवून घ्या, त्याच थीमची त्याच जुन्या आवृत्तीची कोरी प्रत मिळवा, आणि फायलींची तुलना करणाऱ्या एखाद्या साधनाने दोन्ही फोल्डरांमधील फरक काढा. वर्षभरातील आपले सर्व बदल, आणि फक्त आपलेच बदल, त्या यादीत दिसतील. बॅकअप अजिबात नसेल तर वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात आपल्या संकेतस्थळाची जुनी प्रत पाहा. तेथे सीएसएसची फाइल पुष्कळदा जतन झालेली असते. पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, मात्र कधीच नसते, कारण ती सर्व्हरच्या बाहेर येत नाही.

आता चाइल्ड थीमकडे वळू. बोधचिन्ह आणि मेनू गेले यात आपली चूक नाही. कस्टमायझरमध्ये (‘कस्टमाइझ’ या पडद्यावर) केलेल्या बहुतेक निवडी, म्हणजे बोधचिन्ह, रंग, कोणता मेनू कोणत्या जागी हे सर्व, वर्डप्रेस डेटाबेसमध्ये त्या त्या थीमच्या नावाने वेगळे साठवते. चाइल्ड थीमचे फोल्डर वेगळ्या नावाचे, म्हणून तिची नोंदही वेगळी आणि सुरुवातीला रिकामी. मेनू पुसले गेलेले नाहीत. ते तयार आहेत, फक्त त्यांना जागा नेमून दिलेली नाही. निवडी मोजक्या असतील तर त्या हाताने पुन्हा करणे हाच उत्तम मार्ग आहे. त्या पुष्कळ असतील तर ऑप्शन्स या तक्त्यातील ‘थीम_मॉड्स’ ने सुरू होणाऱ्या मूळ थीमच्या नोंदीचे मूल्य चाइल्ड थीमच्या नोंदीत उतरवता येते. त्या नोंदीत प्रत्येक मजकुराची लांबी मोजून लिहिलेली असते, म्हणून मध्येच एखादे अक्षर हाताने बदलल्यास संपूर्ण नोंद वाचता येईनाशी होते. ‘अॅडिशनल सीएसएस’ या चौकटीतील मजकूरही थीमनुसार वेगळा साठवला जातो, आणि तो तेथून कॉपी करून स्वतंत्रपणे आणावा लागतो.

चाइल्ड थीमच्या स्टाइल.सीएसएसच्या शिरोभागात ‘टेम्पलेट’ या शब्दापुढे मूळ थीमचे नाव लिहायचे असते. हे नाव म्हणजे थीमचे प्रदर्शनी नाव नव्हे, तर तिच्या फोल्डरचे नाव, आणि ते अक्षरशः जुळावे लागते. आपली चाइल्ड थीम सक्रिय होते आहे, त्या अर्थी हे बरोबर असावे. पण येथेच दुसरी एक अडचण दडलेली असते. काही थीम आपली सीएसएस फाइल मागवताना ‘सध्या सक्रिय असलेल्या थीमची स्टाइल.सीएसएस’ अशी मागणी करतात. चाइल्ड थीम सक्रिय झाली की ती मागणी चाइल्डच्या फायलीकडे वळते, मूळ थीमची फाइल मागवलीच जात नाही आणि पान उघडेबोडके दिसते. उलट काही थीम मूळ फोल्डरचाच पत्ता देतात, तेव्हा मूळ सीएसएस येते पण आपली येत नाही. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून दोन्ही फायली मागवल्या गेल्या आहेत का आणि आपली फाइल मूळ फायलीनंतर येते का, हे आधी पाहा. नसेल तर फंक्शन्स.पीएचपीमध्ये योग्य हुकवर (आपला कोड जोडण्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेल्या जागी) ती रांगेत लावा, आणि मूळ फायलीचे नाव तिचे अवलंबन, म्हणजे तिच्याआधी यावी लागणारी फाइल, म्हणून द्या, म्हणजे क्रम आपोआप जुळेल. सीएसएसच्या आतूनच दुसरी फाइल आयात करण्याची जुनी पद्धत अजूनही काही मार्गदर्शकांत आढळते. ती वापरू नये, कारण एक फाइल उतरून वाचली जाईपर्यंत ब्राउझरला दुसरीचा पत्ताच लागत नाही आणि पान रेंगाळते.

फंक्शन्स.पीएचपीबद्दल एक गैरसमज मी वारंवार पाहतो. टेम्पलेटची फाइल चाइल्डमध्ये ठेवली की ती मूळ फायलीची जागा घेते. फंक्शन्स.पीएचपीचे तसे नाही. दोन्ही फायली चालतात, आणि चाइल्डची आधी चालते. त्यामुळे मूळ फाइल पूर्णपणे कॉपी करून चाइल्डमध्ये टाकल्यास एकच फंक्शन दोनदा जाहीर होते आणि सबंध संकेतस्थळ बंद पडते. मूळ थीमने जोडलेली एखादी क्रिया काढून टाकायची असेल, तर ती जोडली जाण्यापूर्वीच काढण्याचा प्रयत्न फसतो. तो थोडा उशिरा, थीमची मांडणी पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या हुकवर करावा लागतो.

आता निम्मे नियम लागू न होण्याविषयी. येथे अंदाज बांधू नयेत, कारण ब्राउझरचे इन्स्पेक्टर हे साधन नेमके उत्तर देते. ज्या घटकाचे रूप बदलत नाही त्यावर उजवी कळ दाबून तो तपासा आणि त्याला लागू असलेल्या नियमांच्या यादीत आपला नियम शोधा. आपला नियम यादीत मुळीच नसेल, तर एक तर फाइल आलेली नाही, किंवा आपला सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू आहे हे सांगणारा भाग) त्या घटकाला जुळत नाही, किंवा त्याच्या आधी कोठेतरी महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे आणि त्या एका कंसामुळे पुढील नियम वाया गेले आहेत. आपल्या फायलीतील एका ठरावीक ओळीपासून खालचे काहीच लागू होत नसेल तर हा कंसच शोधा. नियम यादीत आहे पण त्यावर काट मारलेली आहे, तर दुसरा एखादा नियम त्यावर मात करतो आहे; तो कोणता आणि कोणत्या फायलीत कितव्या ओळीवर आहे, हे तेथेच लिहिलेले असते. नियम आहे, काटही नाही, आणि तरीही दृश्य बदलत नाही, तर आपण चुकीच्या घटकावर काम करत आहात: पार्श्वभूमीचा रंग आतील पेटीला आहे आणि आपण बाहेरच्या पेटीला देत आहात, असा तो प्रकार असतो.

काट मारलेल्या नियमाचे कारण बहुधा वजनात असते. आयडीने (एकाच घटकाला दिलेल्या नावाने) निवड करणारा नियम क्लासने (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावाने) निवड करणाऱ्यापेक्षा वरचढ असतो, क्लास हा नुसत्या टॅगपेक्षा वरचढ असतो, आणि वजन समान असेल तेव्हाच नंतर आलेला नियम जिंकतो. बडीप्रेसच्या सीएसएसमध्ये अनेक सिलेक्टर ‘बडीप्रेस’ या आयडीने किंवा क्लासने सुरू होतात, म्हणून आपला साधा एका क्लासचा नियम त्यांच्यापुढे टिकत नाही. अशा वेळी लोक प्रत्येक ओळीपुढे नियमाला सक्तीने वरचढ करणारा ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द लिहू लागतात. मीही माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत ते केले आहे, आणि सहा महिन्यांनी त्याच फायलीत एक साधा रंग बदलायला मला तासभर लागला, कारण प्रत्येक ‘इम्पॉर्टंट’ला हरवण्यासाठी आणखी एक लिहावा लागत होता. त्याऐवजी ज्या सिलेक्टरने मात केली तोच इन्स्पेक्टरमधून उचलून आपल्या फायलीत वापरा. वजन समान होते, आपली फाइल नंतर येते, आणि नियम लागू होतो.

प्रोफाइलचे पान विस्कटण्याचे कारण मात्र सीएसएसमध्ये नसावे, असा माझा कयास आहे. बडीप्रेस एखादे पान काढताना आधी चाइल्ड थीममधील ‘बडीप्रेस’ नावाच्या फोल्डरमध्ये टेम्पलेट शोधते, मग मूळ थीममधील तशाच फोल्डरमध्ये, आणि तेथेही नसेल तर प्लगइनमधील स्वतःची प्रत वापरते. ही सोय उत्तम आहे, पण तिच्यात एक धोका आहे. प्लगइनकडे टेम्पलेटचे दोन संच आहेत: ‘लेगसी’ हा जुना, आणि २०१८ मधील ३.० या आवृत्तीपासूनचा ‘नूव्हो’. दोन्हींत अनेक फायलींची नावे सारखीच आहेत, पण आतील रचना वेगळी आहे. थीममध्ये लेगसीवर बेतलेली टेम्पलेट असतील आणि सेटिंगमध्ये नूव्हो निवडलेला असेल, किंवा याच्या उलट असेल, तर पान अर्धवट उमटते. थीमच्या नव्या आवृत्तीने संच बदलला असण्याची शक्यता मोठी आहे. बडीप्रेसच्या ऑप्शन्समध्ये कोणता संच निवडलेला आहे ते पाहा, आणि चाचणीच्या प्रतीवर, म्हणजे संकेतस्थळाच्या वेगळ्या नकलेवर, थीममधील ‘बडीप्रेस’ फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून प्लगइनची मूळ टेम्पलेट वापरली जाऊ द्या. पान सावरले तर दोष त्या फोल्डरमध्ये आहे, हे सिद्ध झाले.

घडामोडींची यादी ‘लोड होत आहे’ या संदेशावरच अडकत असेल, तर त्यामागे आणखी एक कारण असू शकते. नूव्होमध्ये या याद्या पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने भरल्या जातात, आणि ती स्क्रिप्ट ‘डेटा-बीपी’ ने सुरू होणाऱ्या गुणधर्मांवरून यादीची जागा ओळखते. टेम्पलेट सुटसुटीत करताना ते गुणधर्म काढून टाकले, तर स्क्रिप्टला यादीच सापडत नाही आणि कोठेही पीएचपीची चूक नोंदली जात नाही. तळभागाची फाइल बदलताना वर्डप्रेसच्या फूटरला बोलावणारी ओळ चुकून वगळली गेली तरी असेच होते, कारण बहुतेक स्क्रिप्ट तेथूनच पानात येतात. २०२३ च्या अखेरीस आलेल्या बडीप्रेस १२.० मध्ये पत्ते तयार करण्याची पद्धतही बदलली. जुन्या थीम स्वतः जोडून तयार करत असलेले दुवे त्यानंतर चुकू शकतात, आणि त्यासाठी ‘बीपी क्लासिक’ हे पूरक प्लगइन उपलब्ध आहे.

म्हणूनच टेम्पलेट उचलून चाइल्डमध्ये आणताना मी फार कंजूषपणा करतो. जे काम सीएसएसने होते त्यासाठी टेम्पलेट घेत नाही, जे हुकने होते त्यासाठीही घेत नाही, आणि घ्यावीच लागली तर ज्या आवृत्तीतून घेतली तिचा क्रमांक फायलीच्या माथ्यावर टीप म्हणून लिहून ठेवतो. उचललेली प्रत्येक फाइल त्या दिवशी गोठते. प्लगइन पुढे सरकते, ती सरकत नाही. क्रमांक लिहिलेला असेल तर पुढच्या अद्ययावतीकरणानंतर मूळ फायलीशी तुलना करणे पाच मिनिटांचे काम ठरते. तसेच, संकेतस्थळाच्या वागण्याशी संबंधित कोड, म्हणजे सदस्यांच्या भूमिका, शॉर्टकोड (मजकुरात लिहिलेल्या छोट्या खुणेच्या जागी काही दाखवणारा कोड) किंवा नोंदणीचे नियम, थीममध्ये न ठेवता एका छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये ठेवावा. पुढे कधी थीम खरोखरच बदलायची वेळ आली, तर तो त्याच जागी सुरक्षित राहील.

थीम ब्लॉक प्रकारची निघाली, तर एका गोष्टीची खात्री सर्वप्रथम करा. साइट एडिटरमधून जतन केलेले टेम्पलेट डेटाबेसमध्ये जाते आणि थीममधील त्याच नावाच्या फायलीवर मात करते. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी जवळजवळ एक संपूर्ण दुपार फाइल दुरुस्त करत होतो आणि पानावर काहीच बदलत नव्हते. कोणीतरी पूर्वी एडिटरमध्ये ते टेम्पलेट उघडून जतन केले होते, एवढेच कारण निघाले. एडिटरमधील टेम्पलेटच्या यादीत बदललेली टेम्पलेट ओळखता येतात आणि त्यांतील बदल रद्द करून फाइल पुन्हा प्रभावी करता येते. रंग आणि अक्षरांच्या बाबतीतही क्रम असाच आहे: वर्डप्रेसची मूळ मूल्ये, त्यांवर थीमच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या जेसन फायलीतील मूल्ये, आणि सर्वांवर एडिटरमधून केलेल्या निवडी.

आपल्याला बदल दिसतात आणि पाहुण्या वाचकांना दिसत नाहीत, याचे उत्तर कॅशमध्ये आहे. पानांची कॅश ठेवणारी बहुतेक प्लगइन लॉगिन केलेल्या सदस्याला ताजे पान देतात आणि पाहुण्याला साठवलेले. तुम्ही प्रशासक म्हणून सतत लॉगिन असता, म्हणून तुम्हाला जुने पान कधीच दिसत नाही. थीममधील प्रत्येक बदलानंतर पानांची कॅश रिकामी करा, सीडीएन (फायलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून पुरवणारी सेवा) असल्यास तेथीलही करा, आणि मग खाजगी खिडकीत पाहुणा म्हणून पाहा. सदस्यांच्या ब्राउझरमधील जुनी सीएसएस मात्र तुम्ही रिकामी करू शकत नाही. त्यासाठी सीएसएस रांगेत लावताना आवृत्तीच्या जागी फायलीच्या शेवटच्या बदलाची वेळ द्या. फाइल बदलली की तिच्या पत्त्याचा शेवट बदलतो आणि ब्राउझर ती नव्याने मागवतो.

तपासणी पाहुणा, साधा सदस्य आणि प्रशासक अशा तिन्ही भूमिकांतून करावी, कारण या तिघांना मिळणारे पान खरोखरच वेगळे असते. लॉगिन केलेल्यांना वर जी काळी पट्टी दिसते तिची उंची ३२ पिक्सेल असते आणि ७८२ पिक्सेल किंवा त्याहून अरुंद पडद्यावर ती ४६ पिक्सेल होते. थीमचा शीर्षभाग वर चिकटून राहणारा असेल तर तो या पट्टीखाली झाकला जातो, आणि पाहुण्यांना मात्र सर्व ठीक दिसते. ‘अॅडमिन-बार’ हा क्लास पानाच्या बॉडीला तेव्हाच लागतो, त्यामुळे त्याच्या आधाराने शीर्षभाग तेवढाच खाली सरकवता येतो.

मराठी नावांच्या मात्रा कापल्या जाण्याचा मुद्दा आपण शेवटी, ओघात लिहिला आहे, पण मला तो दुय्यम वाटत नाही. सदस्याला स्वतःचे नाव तुटलेले दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. बहुतेक थीम रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. शीर्षकांची ओळ-उंची १.१ किंवा १.२ अशी घट्ट असते आणि पेटीबाहेरचा भाग लपवण्याचा नियम त्यावर लावलेला असतो. देवनागरीत वर मात्रा व रफार आणि खाली उकार असल्याने तेवढी जागा पुरत नाही. नावांसाठी आणि शीर्षकांसाठी ओळ-उंची १.४ ते १.५ ठेवून पाहा. अक्षरांमधील अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ हा नियम देवनागरी मजकुरावर शून्य करा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर स्वतःच्या मर्जीने दुसरा फॉन्ट घेतो आणि प्रत्येक यंत्रावर पान वेगळे दिसते. म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा फॉन्ट स्पष्टपणे नेमावा आणि ठळक अक्षरांसाठी त्याचे ठळक वजनही मागवावे. ते न मागवल्यास ब्राउझर अक्षरे कृत्रिमरीत्या जाड करतो आणि जोडाक्षरे भरून जातात.

हे सारे करताना कधी पांढरे पान किंवा गंभीर चुकीचा संदेश आला तर घाबरू नका. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवा पाठवते. ईमेल आला नाही, तर एफटीपीने (सर्व्हरवरील फायली हाताळण्याच्या साधनाने) चाइल्ड थीमच्या फोल्डरचे नाव बदला. तिचा कोड चालणे थांबते, प्रशासन विभाग उघडतो आणि तेथून मूळ थीम पुन्हा सक्रिय करता येते. कारण शोधण्यासाठी वर्डप्रेसच्या कॉन्फिग फायलीत डीबग आणि डीबग लॉग चालू करा, पण चुका पडद्यावर दाखवणे बंद ठेवा, म्हणजे त्या डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधील डीबग.लॉग या फायलीत जमा होतील. काम संपताच नोंद बंद करून ती फाइल काढून टाका, कारण अनेक सर्व्हरांवर तिचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही ती वाचू शकतो.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता: आधी चाचणीची प्रत, मग बडीप्रेसचा टेम्पलेट संच, मग दोन्ही सीएसएस फायली योग्य क्रमाने येणे, मग बोधचिन्ह व मेनू, आणि शेवटी फरकांच्या यादीतील एकेक जुना बदल. ही यादी उतरवताना प्रत्येक बदल अजून हवा आहे का, हे स्वतःला विचारा. माझ्या अनुभवात त्यांतील बरेच बदल जुन्या आवृत्तीतील उणिवा झाकण्यासाठी केलेले असतात आणि नव्या आवृत्तीत त्यांची गरज उरलेली नसते. थीम बदलण्याचा विचार मी तेव्हाच करेन, जेव्हा तिच्या कर्त्यांनी अद्ययावतीकरण थांबवले असेल किंवा ती बडीप्रेसच्या चालू आवृत्तीबरोबर चालत नसेल. प्रोफाइलचे पान संच बदलूनही सावरले नाही, तर डीबग.लॉगमधील त्या वेळेच्या शेवटच्या काही ओळी, थीम व बडीप्रेसचे आवृत्ती क्रमांक आणि थीममधील ‘बडीप्रेस’ फोल्डरातील फायलींची नावे कळवा. त्यावरून दोष कोणत्या फायलीत आहे ते सांगता येईल.